जाळे आणि जळमट

राजांचा, लढायांचा व तहनाम्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची आपल्या भाषेत वाण नाही. परंतु मनुष्य ज्या चार भिंतींच्या आत आपल्या आयुष्याचा मोठा भाग घालवितो, तेथे बिनबोलाविता येऊन राहणाऱ्या जीवांशी त्याने कसे वर्तन ठेविले, याचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. मांजर व कुत्रा ही आपण होऊन जवळ केलेली जनावरे; उंदीर, झुरळ व ढेकूण हे उघड उघड वैरी. या दोन्ही वर्गांविषयी गृहस्थाचे मन निःशंक असते. कोळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो आपल्या ताटातले अन्न खात नाही, पेटीतले कपडे कुरतडीत नाही, निजलेल्या माणसाचे रक्त पीत नाही. तरीसुद्धा दिवाळी जवळ आली म्हणजे लांब बांबूच्या टोकाला केरसुणी बांधून घरात जी पहिली मोहीम निघते ती त्याच्यावरच. ज्याने आपले काही घेतले नाही, त्याच्यावर आपला एवढा रोष का असावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. ज्याची सेवा डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचे रूप मात्र डोळ्यांत सलते, अशा परक्याचा न्याय मनुष्य कसा करितो, हे या एका प्राण्याच्या निमित्ताने पाहता येते. आणि तेवढ्यासाठीच त्याच्या इतिहासाची ही चार पाने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभी शब्दांकडे पाहू. कारण लोकांच्या मनात एखाद्या वस्तूविषयी काय होते, याची सर्वांत जुनी साक्ष भाषाच देते. संस्कृतात या प्राण्याला ऊर्णनाभ, तंतुवाय, लूता, मर्कटक अशी नावे आहेत. पहिल्या नावात नाभीतून लोकर काढणारा अशी कल्पना आहे, तर दुसरे नाव विणकराचे आहे. प्राकृतातील 'कोलिअ' हा शब्द विणकर व कोळी या दोन्ही अर्थी आढळतो, आणि आपला 'कोळी' त्याच कुळातला. पुढे मराठीत मासे धरणाऱ्याचे आणि माश्या धरणाऱ्याचे नाव एकच झाले; दोघेही जाळ्यावर पोट भरणारे, तेव्हा बोलणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या प्राण्याकडे पाहून प्रथम त्याचे आठ पाय किंवा त्याचे विष पाहिले नाही, त्याचा धंदा पाहिला. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच्या कृतीला मराठीने दोन निरनिराळे शब्द दिले आहेत. मालक घरी असून धंदा चालू आहे तोवर ते 'जाळे'. आणि मालक निघून गेल्यावर चुलीचा धूर, धूळ व कोंडा साचून जे काळे लोंबते ते 'जळमट'. मनातील जुनाट समजुती झाडून टाकण्याला आपण मनावरची जळमटे झाडणे म्हणतो. मनावरची जाळी झाडणे असे कोणी म्हणत नाही. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी आम्हांला त्याच्याकडेच परत यावयाचे आहे.

प्राचीन भारतीय ग्रंथांत कोळी दोन अगदी भिन्न ठिकाणी भेटतो: एकदा उपनिषदांत आणि एकदा वैद्यकात. मुंडकोपनिषदात अक्षरब्रह्मापासून विश्व कसे उत्पन्न होते हे सांगताना ऊर्णनाभाचा दृष्टांत दिला आहे; कोळी जसा आपल्याच देहातून तंतू काढतो व पुन्हा आत घेतो, तसेच हे जग, असा त्याचा आशय. बृहदारण्यक व श्वेताश्वतर या उपनिषदांतही हाच प्राणी दृष्टांताला उभा आहे. बाहेरून कापूस आणावा, कोणाकडून चाती उसनी घ्यावी, असे काही न करिता स्वतःच्याच द्रव्यातून सृष्टी रचणारा, हे त्याचे वैशिष्ट्य ऋषींच्या नजरेत भरले. ही नजर अरण्यातली असेल किंवा पर्णकुटीच्या आढ्याकडे लागलेली असेल. ती तिरस्काराची नव्हती एवढे निश्चित.

उलट सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कोळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला दिसतो. वसिष्ठ व विश्वामित्र यांच्या कलहात वसिष्ठांच्या कपाळावरील घामाचे थेंब कापलेल्या, म्हणजे 'लून' अशा गवतावर पडले व त्यांतून 'लूता' उत्पन्न झाल्या, अशी कथा तेथे दिली आहे. या लूतांचे सोळा प्रकार सांगून त्यांपैकी आठांचे विष कष्टसाध्य व आठांचे असाध्य ठरविले आहे. आणि हे विष केवळ दाढेत नसून लाळ, नखे, मूत्र इत्यादी सात ठिकाणी असते असे म्हटले आहे. एका प्रकाराचे नावच 'मूत्रविषा' आहे. अंगावरून कोळी गेला की फोड उठतात, ही जी समजूत आपल्या पुष्कळ घरांत अजून ऐकू येते, तिचे मूळ किती जुने आहे हे यावरून कळेल. आजच्या वैद्यकाचा निर्णय मात्र वेगळा आहे. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक, लांबट भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला गेला म्हणजे त्याच्या शरीरातील दाहक रसाने रांगेने फोड येतात. पुष्कळदा या फोडांचा आळ कोळ्यावर आला. भुंगेरा मारला जाऊन दिसेनासा झाला, आणि कोळी कोपऱ्यात बसलेला दिसत राहिला. जो दिसला तो दोषी ठरला. न्यायाच्या इतिहासात ही गोष्ट काही अगदीच अपूर्व नव्हे.

परंतु घर व कोळी यांचा खरा तंटा ज्या कथेत मार्मिकपणे मांडलेला आहे, ती दक्षिणेतील आहे. तिरुचिरापल्लीजवळ तिरुवानैक्कावल येथे जंबुकेश्वराचे प्राचीन देवालय आहे. त्याची स्थलकथा अशी की, जांभळीच्या झाडाखालील शिवलिंगावर वाळलेली पाने पडू नयेत म्हणून एक कोळी वर जाळे विणून छत करीत असे. आणि एक हत्ती नित्य सोंडेने पाणी आणून लिंगाला स्नान घालीत असे. हत्तीला ते जाळे म्हणजे देवावर साचलेला मळ वाटे, म्हणून तो रोज ते पुसून टाकी. कोळ्याला हत्तीचे पाणी म्हणजे उपद्रव वाटे, म्हणून तो रोज ते पुन्हा विणी. शेवटी चिडून कोळी हत्तीच्या सोंडेत शिरला व दोघेही मेले. पुढे तोच कोळी कोच्चेंगण्णान् नावाचा चोळ राजा होऊन जन्मला व हत्तीला आत शिरता येऊ नये अशा रचनेची अनेक देवळे त्याने बांधिली, असे सांगतात. श्रीकाळहस्ती या क्षेत्राच्या नावातही कोळी, सर्प व हत्ती असे तीन भक्त गोविलेले आहेत. कथेचा इतिहास म्हणून उपयोग नाही, हे खरे. परंतु तिच्यातील विचार पाहण्यासारखा आहे. एकाचे छत तेच दुसऱ्याचे जळमट. दोघेही भक्त, दोघांचीही भावना निर्मळ. आणि तरीही एकमेकांच्या सेवेचा अर्थ न कळल्यामुळे दोघांचा नाश झाला. स्वच्छता व अस्वच्छता या वस्तूंच्या अंगी नसून पाहणाराच्या हेतूत असतात, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच सांगितले गेले असेल.

कोळी रक्षणकर्ता होतो, ही कल्पना अन्य देशांतही आढळते. इ. स. ६२२ मध्ये मक्केहून मदिनेकडे जाताना पैगंबर महंमद सौर पर्वताच्या गुहेत आश्रयास राहिले असता गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले, व ते अभंग पाहून पाठलाग करणारे परत फिरले, अशी मुसलमानी परंपरा आहे. तिच्यामुळे कोळी मारू नये अशी भावना त्या समाजात पुष्कळ ठिकाणी रुजली. आश्चर्य हे की, कुराणाच्या एकोणतिसाव्या अध्यायाला कोळ्याचेच नाव असून तेथे त्याचे घर सर्व घरांत दुबळे म्हटले आहे. जे सर्वांत दुबळे, तेच परंपरेत सर्वांत बळकट दार ठरले! स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची, पुन्हा पुन्हा पडूनही तंतू जोडणाऱ्या कोळ्यापासून धीर शिकल्याची गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. ती घरोघर पोहोचविली सर वॉल्टर स्कॉटने, आपल्या नातवासाठी १८२८ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या इतिहासकथांतून; म्हणजे राजाच्या वनवासानंतर पाच शतकांनी. तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी म्हणूनच फारसा भरवसा धरिता येत नाही. परंतु स्कॉटने तेथेच नमूद करून ठेविलेली एक गोष्ट आमच्या विषयाला अधिक उपयोगी आहे: ब्रूस आडनावाची अशी माणसे त्याला भेटली होती की, जी या कथेवरील श्रद्धेमुळे काही केल्या कोळी मारीत नसत. खरी असो वा खोटी असो, एका गोष्टीने घराघरांतील केरसुणी थांबविली. कथांचा परिणाम कायद्यांहून कमी नसतो, तो असा.

आता भीतीचा इतिहास पाहू. इटलीच्या दक्षिण टोकास टारांटो नावाचे शहर आहे. त्याच्यावरून तेथील एका मोठ्या कोळ्याला टारांटुला असे नाव पडले. कापणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्या माणसांना, त्यांतही विशेषेकरून स्त्रियांना, हा कोळी चावतो. मग त्या खिन्न होऊन पडून राहतात, आणि वाद्ये वाजवून त्यांना घाम फुटेपर्यंत नाचविल्याशिवाय विष उतरत नाही, अशी समजूत त्या प्रांतात कित्येक शतके होती. वाजंत्री घरी बोलावीत, निरनिराळे सूर वाजवून रोग्याला कोणता मानवतो ते पाहात, आणि हा नाच दिवसचे दिवस चाले. टारांटेला या नृत्याचे नाव याच परंपरेशी निगडित आहे. सतराव्या शतकातील विद्वानांनी, अगदी बाग्लिव्हीसारख्या नामांकित वैद्यानेही, यावर गंभीरपणे ग्रंथ लिहिले. परंतु ज्या कोळ्याला दोष दिला जात होता त्याचा दंश वस्तुतः घातक नाही. खरोखर पीडा देणारा दुसराच एक लहान काळा, तांबड्या ठिपक्यांचा कोळी त्याच शेतांत असतो. एवढ्यानेही उलगडा होत नाही. कारण १९५९ साली एर्नेस्तो दे मार्तीनो या इटालियन पंडिताने त्या भागात जाऊन शोध केला, तेव्हा त्याला असे आढळले की, हा 'दंश' पुष्कळांना दरवर्षी त्याच ऋतूत पुन्हा होई, आणि २९ जूनच्या सुमारास गालातीना येथील सेंट पॉलच्या देवळात ही माणसे बरी होण्यासाठी जमत. त्याने १९६१ साली आपल्या ग्रंथात असा निष्कर्ष काढिला की, हे केवळ विष नव्हे. जुलमाचे लग्न, दारिद्र्य, कोंडलेले दुःख यांना बोलावयास अन्य वाट नव्हती, म्हणून ती कोळ्याच्या नावाने बोलू लागली. आमच्या वाचकांना अंगात येण्याचे प्रकार अपरिचित नाहीत. तेव्हा या निष्कर्षाचे मर्म त्यांना विस्ताराने सांगावयास नको. मनुष्याच्या दुःखाचे ओझेदेखील या मुक्या प्राण्याने शतकानुशतके वाहिले, एवढेच येथे म्हणावयाचे.

भीतीच्या जोडीला उपयोगही होताच. रोमन ग्रंथकार प्लिनी याने न्हाव्याच्या वस्तऱ्याने झालेल्या जखमेवर कोळ्याचे जाळे लावावे असे लिहून ठेविले आहे. आणि शेक्सपियरच्या एका सुखान्त नाटकात, बोट कापले तर मी तुझा उपयोग करीन, असे एक पात्र 'जाळे' नावाच्या परीला विनोदाने म्हणते. म्हणजे सोळाव्या शतकातील इंग्रज प्रेक्षकाला हा घरगुती उपाय सांगावा लागत नव्हता. १६८१ साली इलायस ॲशमोल या विद्वान गृहस्थाने, ज्याच्या संग्रहातून ऑक्सफर्डचे प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय उभे राहिले, हिवताप घालविण्यासाठी गळ्यात तीन कोळी बांधिले व ताप गेला, अशी नोंद आपल्या रोजनिशीत ईश्वराचे आभार मानून केली आहे! पुढे १७०९ मध्ये फ्रान्सातील माँपेल्ये येथील बाँ नावाच्या अधिकाऱ्याने कोळ्याच्या रेशमाचे मोजे व हातमोजे विणवून विद्वत्सभेपुढे मांडिले. पॅरिसच्या विज्ञानसभेने रेओम्यूर या शास्त्रज्ञाकडे तपासाचे काम सोपविले. त्याला आढळले की, कोळी एकत्र ठेविले तर एकमेकांसच खातात, धागा रेशीमकिड्याच्या धाग्याहून बारीक, आणि थोड्याशा रेशमासाठी असंख्य कोळी पोसावे लागतात. तेव्हा हा धंदा होणे नाही. त्याचे म्हणणे तीनशे वर्षे टिकले. २००९ साली मादागास्कर बेटात सोनेरी कोळ्यांच्या रेशमाचे एक वस्त्र तयार झाले खरे, परंतु त्याला दहा लाखांहून अधिक कोळी लागले. समाजात राहून मजुरी करणे या प्राण्याच्या स्वभावातच नाही.

ज्यांना घर राहिले नाही किंवा ज्यांचे घर एका खोलीपुरते उरले, अशा माणसांची व कोळ्याची मैत्री इतिहासात वारंवार दिसते, आणि ते साहजिकच आहे. तत्त्ववेत्ता स्पिनोझा हेग शहरात भाड्याच्या खोलीत राही. मन शिणले म्हणजे तो कोळ्यांची झुंज लावी किंवा त्यांच्या जाळ्यात माश्या टाकून कौतुकाने पाहात बसे, असे त्याचा चरित्रकार कोलेरस सांगतो. बॅस्टिलच्या तुरुंगात पेलिसाँ या फ्रेंच ग्रंथकाराने एक कोळी माणसाळविला होता, अशी दंतकथा आहे. परंतु या सर्वांत विलक्षण हकीकत कात्रमेर दिझ्याँवाल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची आहे. हॉलंडातील राजकीय धामधुमीत सापडून १७८७ पासून तो उट्रेख्ट येथे सात वर्षांहून अधिक काळ बंदीत पडला. सोबतीला कोळ्यांवाचून कोणी नव्हते. ते कधी जाळे विणतात, कधी लपतात, व त्यानंतर हवा कशी बदलते, हे तो दिवसेंदिवस पाहात राहिला. १७९४-९५ च्या हिवाळ्यात फ्रेंच फौज हॉलंडच्या सीमेवर नद्यांमुळे अडून राहिली असता, कडाक्याची थंडी येणार असे भाकित त्याने कोळ्यांच्या वर्तनावरून केले, असे सांगतात. नद्या गोठल्या, फौज बर्फावरून पार झाली, आणि जानेवारी १७९५ मध्ये बंदिवान मुक्त झाला. दोन वर्षांनी त्याने या 'कोळीशास्त्रा'वर पुस्तकही प्रसिद्ध केले. त्याच्या भाकितांवर आज कोणी हवामानखाते चालविणार नाही. पण तुरुंगातल्या जळमटाचे त्याने वेधशाळेत रूपांतर केले, हे तर कोणाला नाकारिता येणार नाही. वेधशाळेचा उल्लेख निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की, १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज ज्योतिर्विदाच्या दुर्बिणीत कोळ्याने एक धागा ताणला, व तो ताऱ्याबरोबर स्पष्ट दिसतो असे पाहून त्याला दुर्बिणीत मापनाची तार बसविण्याची युक्ती सुचली. पुढे दुर्बिणींत कोळ्याचाच धागा पुष्कळ काळ वापरला जात असे. झाडून टाकावयाच्या वस्तूने आकाश मोजले!

मग तिरस्कार आला कोठून? आमच्या मते त्याचा मोठा भाग अर्वाचीन आहे आणि तो ज्ञान व उद्योग यांच्या नव्या कल्पनांबरोबर आला. १६२० साली बेकनने ज्ञान मिळविणाऱ्यांचे तीन वर्ग केले: मुंगीसारखे नुसते साठविणारे, कोळ्यासारखे स्वतःच्याच पोटातून तर्काचे जाळे काढणारे, आणि मधमाशीसारखे बाहेरचे घेऊन त्याचे रूपांतर करणारे. १७०४ मध्ये स्विफ्टने कोळी व मधमाशी यांचा वाद रंगवून तोच मुद्दा उपहासाने मांडिला. येथे वाचकांनी थोडे थांबावे. स्वतःच्या देहातून तंतू काढणे, हीच ती गोष्ट. उपनिषत्काराला तीत ब्रह्माचे वैभव दिसले, आणि बेकनला पांडित्याचा दोष दिसला. कोळी तोच होता. १७३५ मध्ये हॉगार्थ या चित्रकाराने एका उधळ्या तरुणाची चित्रमाला काढिली. तीत देवळातील गरिबांच्या दानपेटीवर कोळ्याने जाळे विणलेले दाखविले आहे. जाळे आता निष्क्रियतेची व बेपर्वाईची खूण झाले. ज्या घरात जाळे, त्या घरची गृहिणी आळशी, हा आपल्याकडेही प्रचलित असलेला निवाडा याच जातीचा आहे. आणि त्याचे फटके कोळ्याहून गृहिणीलाच अधिक बसले, हेही नमूद केले पाहिजे.

याच काळात दुसरीकडे काही माणसे हातात केरसुणीऐवजी भिंग घेऊन कोपऱ्यात पाहू लागली होती. मार्टिन लिस्टर या इंग्रज वैद्याने १६७८ मध्ये आपल्या देशातील कोळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १७५७ मध्ये स्वीडनच्या क्लर्कने लिहिलेला ग्रंथ इतका काटेकोर होता की, प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मानावयाची असा सर्वमान्य नियम असता, कोळ्यांपुरता त्याला अपवाद करून क्लर्कला अग्रमान दिला आहे. हिंदुस्थानच्या कोळ्यांवर पोकॉकचा ग्रंथ १९०० साली निघाला, आणि पुढे बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. महाराष्ट्राचा या प्रकरणी एक जवळचा संबंध आहे. १८५१ साली साताऱ्यास जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा मुंबई इलाख्यातील जकातखात्याचा अंमलदार. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याच वर्षीच्या त्याच्या पुस्तकात बंगल्यात घुसणाऱ्या मुंग्या, पाली, उंदीर, कोळी इत्यादी 'टोळ्यां'चे वर्णन त्याने सरहद्दीवरील अंमलदाराच्या थाटात केले आहे. विनोद बाजूस ठेविला, तर त्याची दृष्टी नवी होती: या टोळ्यांशी युद्ध करण्याआधी त्यांची ओळख करून घ्यावी.

ती ओळख फार कठीण नाही. आपल्या घरांत नित्य दिसणारे कोळी मुख्यतः तीन थरांतले. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, केसासारख्या लांब पायांचा, डिवचताच सर्वांगाने थरथरणारा तो एक. विसकटलेली जाळी बहुधा त्याचीच. दुसरा मोठा, चपट्या अंगाचा; हा जाळे करीत नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळे धरितो, आणि त्याची मादी अंड्यांची चपटी पांढरी पिशवी पोटाशी धरून हिंडते. तिसरा आखूड पायांचा व मोठ्या डोळ्यांचा. खिडकीच्या चौकटीवर दबा धरून माशीवर उडी घालणारा. बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते, ते त्यांच्या भक्ष्यासाठी. या तिघांपैकी कोणापासूनही माणसाच्या जिवाला धोका नाही. जगात काही थोड्या जाती खरोखर विषारी आहेत, पण २०२२ पर्यंत नोंदल्या गेलेल्या पन्नास हजारांहून अधिक जातींत त्यांचे प्रमाण अत्यल्प आहे. पृथ्वीवरील सर्व कोळी मिळून वर्षाला चाळीस ते ऐंशी कोटी टन भक्ष्य, त्यांतही बहुतांशी किडे, खातात असा अंदाज २०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडिला. अमेरिकेत पन्नास घरांची कसून झडती घेऊन २०१६ मध्ये जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यात कोळी नाही असे एकही घर निघाले नाही. तात्पर्य, कोळी घरात येतो असे म्हणणेच फारसे बरोबर नाही. तो घरात असतोच, आपल्याला तो कधी कधी दिसतो एवढेच.

केरसुणीच्या काळी हा सामना एका परीने बरोबरीचा होता. जाळे मोडले, तरी कोळी निसटून दुसऱ्या कोपऱ्यात संसार थाटी. विसाव्या शतकाच्या मध्याला हा तोल बिघडला. पॉल म्यूलरने १९३९ मध्ये डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण शोधून काढिला व १९४८ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. या द्रव्याने आपल्या देशावर केलेले उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. १९५३ साली सुरू झालेल्या हिवतापविरोधी मोहिमेत घरोघर भिंतींवर त्याची फवारणी झाली, आणि वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रोगी १९६५ च्या सुमारास एका लाखावर आले. परंतु जे शस्त्र रोगराईशी लढण्यासाठी योजिले, ते पुढे केवळ किळस घालविण्यासाठी घराघरांतून वापरले जाऊ लागले. रेचल कार्सन या विदुषीने १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एका अमेरिकन गृहिणीची हकीकत दिली आहे. तिला कोळ्यांचा अतिशय तिटकारा होता. तिने ऑगस्टात तळघरात शिरून डी. डी. टी. मिश्रित फवारा जिन्याखाली, फळ्यांच्या सांदीत, तुळयांवर सर्वत्र मारिला. तिला मळमळू लागले; दोन-चार दिवसांत ती सावरली, आणि कारण न उमजल्यामुळे सप्टेंबरात तिने तोच प्रयोग आणखी दोनदा केला. तिसऱ्या खेपेनंतर ताप व सांधेदुखी सुरू झाली. तपासाअंती रक्ताचा कर्करोग निघाला, आणि महिन्याभरात ती वारली. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. या मृत्यूचा दोष निश्चितपणे त्या द्रव्यावर ठेविता येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु एवढे तर खरे की, ज्या प्राण्यापासून तिला यत्किंचितही भय नव्हते, त्याच्यासाठी तिने आपल्या घरातील हवा तीन वेळा विषारी करून घेतली. सुश्रुताच्या काळी घरातले विष कोळ्याच्या दाढेत आहे असे मानीत. आता ते आपण बाजारातून विकत आणून ठेवितो. डी. डी. टी. गेले, त्याची भावंडे दुकानाच्या फळीवर आली. शिवाय त्या फवाऱ्याने कोळी मेला म्हणजे ज्यांना तो खात असे त्या डासांचा व झुरळांचा एक वैरी कमी होतो. आणि त्या जाती तर विषाला लवकर सरावतात, हा अनुभव साऱ्या जगाने घेतला आहे.

यावर आमचे म्हणणे असे नव्हे की, घराची झाडलोट सोडून द्यावी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो, तिचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही फक्त भाषेने शिकविलेल्या भेदाकडे परत येतो. जळमट हे झाडावयाचेच. त्यात धूर, धूळ व मेलेल्या माश्यांची साले यांवाचून काही नसते, आणि त्याचा मालक केव्हाच निघून गेलेला असतो. जाळे ही निराळी वस्तू आहे. ते अडचणीच्या जागी नसेल, तर तेथे एक पगार न घेणारा पहारेकरी बसला आहे असे समजावे. अडचणीच्या जागी असेल, तर कोळ्यावर एक वाटी उपडी घालावी, तिच्याखालून जाड कागद सरकवावा, आणि त्याला पडवीच्या किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन सोडावे. एवढ्याने काम भागते, आणि मुलांच्या देखत ते केले तर मुलांची भीतीही जाते.

जंबुकेश्वराच्या हत्तीने जाळे पुसण्यापूर्वी क्षणभर थांबून ते कशासाठी विणले आहे एवढे पाहिले असते, तर त्या स्थलकथेचा शेवट निराळा झाला असता. आपल्या घरांत, आणि घराबाहेरही, जे आपल्यासारखे दिसत नाहीत, ज्यांचे काम आपल्याला उमजत नाही, अशांच्या बाबतीत आपण बहुधा हत्तीचीच भूमिका घेतो. स्वच्छता हा सद्गुण खरा. परंतु काय झाडावयाचे व काय राहू द्यावयाचे, हे ओळखण्याचा विवेक तिच्याबरोबर नसेल, तर ती हत्तीच्या सोंडेसारखीच आंधळी ठरते.